गर्भधारणेचे पहिले दिवस आणि भोवतालची रसायने : ‘सर्व किंवा काहीच नाही’ हा नियम कुठवर पुरतो

एका दाम्पत्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पत्नीची गर्भधारणा चाचणीत निश्चित झाली असून शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून आता सहा आठवडे पूर्ण होत आहेत. त्या पाळीच्या सुमारास घराचे रंगकाम सुरू झाले आणि ते जवळपास साडेतीन आठवडे चालले. आधी जुन्या भिंती व खिडक्या खरवडून, पॉलिशपेपरने घासून घेतल्या आणि मग तैलरंग लावला. चौथ्या आठवड्याच्या सुरुवातीला झुरळांसाठी एकदा औषधफवारणीही झाली. पती जुन्या बॅटऱ्यांतील शिसे वितळवण्याच्या कारखान्यात कामाला आहेत. त्यांच्या डॉक्टरांनी सांगितले की, फलनानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत भ्रूणाला रसायनांचा अपाय झालाच तर गर्भ टिकत नाही आणि टिकला तर तो पूर्ण निरोगी असतो, म्हणून चिंतेचे कारण नाही. हे कितपत खरे आहे आणि आता काय करावे, हे त्यांना हवे आहे.

डॉक्टरांनी सांगितलेला हा ‘सर्व किंवा काहीच नाही’ नियम निराधार नाही. रंगाचा वास आणि फवारणी या दोन गोष्टींना तो तुमच्या बाबतीत बऱ्याच अंशी लागूही पडतो. मात्र तो शरीरातून काही तासांत किंवा काही दिवसांत निघून जाणाऱ्या पदार्थांनाच लागू पडतो. प्रश्नात ज्या गोष्टीचा उल्लेख ओझरता आला आहे, ती म्हणजे खरवडलेल्या जुन्या रंगाची धूळ आणि कारखान्यातून कपड्यांवर घरी येणारे शिसे, तिला हा नियम लागू पडत नाही. माझ्या उत्तराचा बराचसा भाग या एका फरकाभोवतीच आहे.

आधी तारखांचा हिशेब नीट मांडू, कारण अशा प्रश्नात रसायनाच्या नावाआधी तारीख विचारावी लागते. दवाखान्यात गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, तर भ्रूणाचे वय फलनापासून मोजले जाते आणि या दोन मोजण्यांत साधारण दोन आठवड्यांचे अंतर असते. म्हणजे आज सहा आठवडे पूर्ण झाले असतील तर भ्रूण अंदाजे अठ्ठावीस दिवसांचे आहे. रंगकामाच्या पहिल्या दोन आठवड्यांत भ्रूण अस्तित्वातच नव्हते. होते ते पक्व होत आलेले बीजांड. फवारणी झाली तेव्हा भ्रूण आठ-नऊ दिवसांचे होते आणि रंगकाम संपले तेव्हा दहा-अकरा दिवसांचे. पाळी नियमित नसेल तर यात चार-सहा दिवसांची चूक सहज होऊ शकते, त्यामुळे पहिल्या सोनोग्राफीत मोजलेल्या भ्रूणाच्या लांबीवरून हा हिशेब पुन्हा ताडून पाहावा.

या दिवसांत भ्रूण नेमके काय करत असते? बीजवाहिनीच्या रुंद भागात फलन होते. मिलिमीटरच्या सुमारे एक दशांश व्यासाची ती एक पेशी दुसऱ्या दिवशी दोन-चार पेशींची, तिसऱ्या दिवशी साधारण आठ पेशींची होते. चौथ्या दिवशी पेशी एकमेकींना घट्ट चिकटून त्यांचा गोळा बनतो, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी आत द्रव साठून साठ ते शंभर पेशींचा ब्लास्टोसिस्ट तयार होतो. या सगळ्या काळात भ्रूणाचा आईच्या रक्ताशी थेट संबंध नसतो. ते बीजवाहिनीतील आणि मग गर्भाशयातील द्रवात तरंगत असते, आणि त्या द्रवात जे उतरेल तेच त्याच्यापर्यंत पोहोचते. त्याच्याजवळ रसायनांचे विघटन करणारे यकृत नसते, वार तयार झालेली नसते. बाहेरचे पारदर्शक आवरण मोठे रेणू काही प्रमाणात अडवते, पण लहान रेणू, विशेषतः चरबीत विरघळणारे, त्यातून सहज आत जातात.

आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. पहिले दोन-तीन दिवस मानवी भ्रूण स्वतःची जनुके जवळपास वापरतच नाही. बीजांड पक्व होत असताना आईने त्यात साठवून ठेवलेले आरएनए आणि प्रथिने यांवरच त्याचे काम चालते, आणि चार ते आठ पेशींच्या टप्प्यावर भ्रूणाची स्वतःची जनुके कामाला लागतात, हे १९८८ साली दाखवून देण्यात आले. ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांचीही तीच स्थिती असते. बीजांडातून आलेल्या मायटोकॉन्ड्रियाच पेशींमध्ये वाटल्या जातात, त्यांच्या डीएनएच्या नव्या प्रती ब्लास्टोसिस्टच्या टप्प्यापर्यंत तयार होत नाहीत. म्हणून या काळात झालेली हानी भरून काढण्याची भ्रूणाची ताकद मुख्यतः बीजांडाकडून मिळालेल्या शिदोरीवर अवलंबून असते, आणि पहिल्या आठवड्यातील भ्रूणाचा विचार त्याआधीच्या काही महिन्यांपासून तोडता येत नाही. त्याकडे पुढे वळतो.

‘सर्व किंवा काहीच नाही’ या नियमाचा आधार असा की, या टप्प्यावर पेशी अजून कामे वाटून घेतलेल्या नसतात. आठांपैकी एक-दोन पेशी मेल्या तर उरलेल्या पेशी त्यांची जागा भरून काढतात आणि पुढे हात, हृदय, डोळे घडताना काहीही कमी पडत नाही. त्याहून अधिक पेशी मेल्या तर भ्रूण रुजतच नाही किंवा रुजून लगेच गळते. बोटे कमी असणे किंवा हृदयाला छिद्र असणे अशा विकृती घडण्यासाठी तो अवयव घडत असावा लागतो आणि अवयवांची घडण फलनानंतरच्या तिसऱ्या आठवड्यापासून सुरू होते. असे लवकर गळणारे गर्भ थोडेथोडके नसतात. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात स्त्रियांच्या लघवीतील गर्भसंप्रेरक रोजच्या रोज मोजले गेले, तेव्हा सुरू झालेल्या गर्भधारणांपैकी २२ टक्के गर्भधारणा डॉक्टरांना किंवा त्या स्त्रीला कळण्याआधीच संपत असल्याचे आढळले. यांतील बहुतेकींचे कारण कोणतेही रसायन नसून गुणसूत्रांच्या संख्येतील चूक हे असते, आणि ती चूक मुख्यतः स्त्रीच्या वयानुसार वाढते. हे इथेच सांगितलेले बरे, कारण पुढे कधी दुर्दैवाने गर्भपात झालाच तर घरातले लोक रंगकामाकडे बोट दाखवतात आणि बाई स्वतःला दोष देत बसते. त्याला बहुतेक वेळा काहीही आधार नसतो.

नियमाच्या मर्यादा मात्र तीन आहेत आणि त्यांचे वजन सारखे नाही.

पहिली मर्यादा प्राण्यांवरील प्रयोगांतून पुढे आली. वैद्यकीय साहित्य निर्जंतुक करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इथिलीन ऑक्साइड या वायूच्या संपर्कात उंदरांच्या माद्यांना समागमानंतरच्या पहिल्या काही तासांत ठेवले, तेव्हा बरीच पिले पोटात मेलीच, पण जगलेल्या काही पिलांमध्ये विकृतीही आढळल्या. हे संशोधन १९८७ साली प्रसिद्ध झाले. एकाच पेशीच्या अवस्थेत झालेली हानी पुढच्या सगळ्या पेशींत उतरू शकते, असा त्याचा अर्थ आहे. घरातल्या संपर्कात या वायूचा संबंध येत नाही आणि प्रयोगातील मात्राही मोठी होती, पण ‘पहिल्या दोन आठवड्यांत विकृती होऊच शकत नाही’ असे ठामपणे म्हणणाऱ्यांनी हे प्रयोग लक्षात ठेवायला हवेत.

दुसरी मर्यादा अधिक व्यापक आहे. फलनानंतर काही दिवसांत भ्रूणाच्या डीएनएवरील मिथिल खुणा मोठ्या प्रमाणावर पुसल्या जातात आणि रुजण्याच्या सुमारास नव्याने उमटतात. कोणते जनुक कोणत्या पेशीत चालू राहील आणि कोणते बंद, हे त्या खुणांवर ठरते. त्या उमटताना अडथळा आला तर बाळ दिसायला अगदी निरोगी जन्मते, पण चयापचयाच्या नियंत्रणात बारीक फरक राहून जाऊ शकतो. माणसांमधला याचा सर्वांत स्पष्ट पुरावा रसायनांचा नाही, उपासमारीचा आहे. १९४४-४५च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला असताना गर्भधारणा झालेल्या व्यक्तींच्या आयजीएफ-२ या जनुकावरील मिथिल खुणा सहा दशकांनंतरही त्यांच्या भावंडांपेक्षा कमी आढळल्या. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत उपासमार झालेल्यांमध्ये तसा फरक दिसला नाही. सुरुवातीच्या दिवसांची नोंद शरीरात राहते, हे यावरून मान्य करावे लागते. मात्र एखाद्या घरगुती रसायनाच्या काही दिवसांच्या संपर्काने अमुक एका मुलात अमुक फरक पडला, असे म्हणण्याजोगा पुरावा आज कोणाजवळही नाही, आणि तसे सांगून पालकांना घाबरवणारे लेख मला अत्यंत बेजबाबदार वाटतात.

तिसरी मर्यादा तुमच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची आहे. संपर्क संपला म्हणजे पदार्थ शरीरातून गेला, असे हा नियम गृहीत धरतो. थिनरमधील टोल्यूइनसारखी द्रावणे श्वासावाटे आणि लघवीवाटे बहुतांशी एक-दोन दिवसांत बाहेर पडतात. घरगुती फवारणीत आजकाल बहुधा पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके असतात आणि त्यांचेही शरीरात काही दिवसांत विघटन होते. पण रक्तातील शिसे निम्मे व्हायला सुमारे महिना लागतो आणि हाडांत जाऊन बसलेले शिसे तिथे दशकानुदशके राहते. चिवट फ्लोरिनयुक्त रसायने, ज्यांना पीएफएएस म्हणतात, त्यांतील काही निम्मी व्हायलाही वर्षे लागतात. अशा पदार्थांचा संपर्क कोणत्या आठवड्यात झाला हे फारसे महत्त्वाचे राहत नाही, कारण पुढच्या प्रत्येक आठवड्यात, अवयव घडत असताना आणि मेंदू वाढत असताना, ते आईच्या रक्तात हजर असतात.

आता सुरुवातीचे भ्रूण खरोखर किती संवेदनशील असते, याविषयी. आयव्हीएफची, म्हणजे शरीराबाहेर फलन घडवण्याची, प्रयोगशाळा ही एकच जागा अशी आहे जिथे हे भ्रूण आईच्या शरीराबाहेर, डोळ्यांसमोर वाढताना दिसते, आणि आमच्या क्षेत्राने हवेविषयीचा धडा इथेच घेतला. १९९०च्या दशकात अनेक ठिकाणी असे घडत असे की इमारतीच्या शेजारी रस्त्याचे डांबरीकरण किंवा आत रंगकाम सुरू झाले की भ्रूणांची वाढ मंदावायची, पेशींचे तुकडे अधिक दिसायचे, रुजण्याचे प्रमाण घसरायचे, आणि कल्चर मीडियम (भ्रूण ज्यात वाढवतात तो पोषक द्रव) किंवा तापमान यांत काही दोष सापडायचा नाही. १९९७ साली प्रयोगशाळांच्या हवेतील बाष्पनशील, म्हणजे सहज उडून हवेत मिसळणारी, सेंद्रिय संयुगे मोजून त्यांचा आढावा प्रसिद्ध झाला आणि दोन गोष्टी समोर आल्या. एक म्हणजे धूलिकण अडवणारी हेपा गाळणी हे वायू अजिबात अडवत नाही. त्यासाठी सक्रिय कोळसा आणि पोटॅशियम परमँगनेट असलेल्या गाळण्या लागतात. दुसरी म्हणजे दोष नेहमी बाहेरूनच येतो असे नाही. नव्या इनक्युबेटरचे (भ्रूणे उबेत ठेवण्याच्या पेटीचे) रबर, प्लॅस्टिकच्या बशा, सिलिंडरमधील वायू, फरशी पुसण्याचे द्रव, यांतूनही ही संयुगे सुटतात. म्हणून नवा इनक्युबेटर आला की तो रिकामाच, अधिक तापमानावर, काही आठवडे चालवून ठेवतात. बशांची पाकिटे आधी उघडून त्यांतील वायू उडू देतात. आत काम करणाऱ्यांनी अत्तर, केसांचा स्प्रे, नेलपॉलिश वापरायचे नसते आणि भ्रूण उघड्यावर असताना जवळपास स्पिरिट वापरायचे नसते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या कैरो येथील तज्ज्ञांच्या सहमतीपत्रात अशा खोलीच्या हवेत सर्व अल्डिहाइडे (अशा संयुगांचाच एक गट) मिळून घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅमच्या खाली असावीत, असे म्हटले आहे. नव्या फर्निचरच्या घरात हे प्रमाण याच्या कितीतरी पट असते.

भ्रूणाला लागणाऱ्या प्रत्येक वस्तूची चाचणी कशी होते तेही सांगतो, म्हणजे संवेदनशीलतेची कल्पना येईल. उंदराची एकपेशीय भ्रूणे त्या वस्तूच्या संपर्कात आलेल्या मीडियममध्ये ठेवतात आणि ९६ तासांनी किती भ्रूणे ब्लास्टोसिस्टपर्यंत पोहोचली ते मोजतात. किमान ८० टक्के पोहोचली तरच तो माल वापरायचा, अशी सर्वसाधारण अट असते. मीडियमच्या थेंबांवर बाष्पीभवन रोखण्यासाठी तेलाचा थर असतो. ते तेल जुने झाले किंवा उन्हात राहिले तर त्यात पेरॉक्साइडे तयार होतात, आणि डोळ्यांना, नाकाला काहीही न जाणवता तीच भ्रूणे चौथ्या दिवशी जागच्या जागी थांबलेली दिसतात. बाहेरून सगळ्या पेशी शाबूत वाटतात, पण मधली पोकळी धरत नाही, पेशींच्या कडा काळवंडतात आणि वाढ तिथेच संपते. हे जवळून पाहिल्यावर सुरुवातीच्या भ्रूणाला रसायनांचे काही होत नाही, असे म्हणवत नाही.

पण यातून घराविषयी सरळ निष्कर्ष काढता येत नाही. बशीतल्या भ्रूणाभोवती काही मायक्रोलिटर द्रव असतो आणि हवेतले संयुग त्यात थेट विरघळते. शरीरातल्या भ्रूणापर्यंत पोहोचण्याआधी तेच संयुग फुप्फुस, रक्त, यकृत आणि बीजवाहिनीचे अस्तर इतका प्रवास करते आणि वाटेत त्याचा फार मोठा भाग नाहीसा होतो. म्हणून प्रयोगशाळेतील मर्यादा घरातल्या हवेला लावून घाबरून जाणे चूक आहे.

फलनाआधीच्या महिन्यांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण माझ्या मते सल्ला देताना सर्वाधिक दुर्लक्ष याच काळाकडे होते. वाढीला लागलेली बीजांडपुटी, म्हणजे बीजांड जिच्यात वाढते ती पिशवी, पक्व होण्याच्या शेवटच्या टप्प्याला सुमारे तीन महिने लागतात. शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस आणि पुढच्या नलिकेतून प्रवासाला आणखी काही दिवस. या काळात रक्तातील पदार्थ बीजांडाभोवतीच्या द्रवात उतरतात. धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांच्या त्या द्रवात निकोटिनचे विघटनद्रव्य कोटिनिन सापडते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धूम्रपान करणाऱ्या जोडप्यांच्या भ्रूणांमध्ये तंबाखूच्या धुरातील बेंझोपायरीन डीएनएला चिकटलेले आढळले आणि ते शुक्राणूंमार्फतही येत असल्याचे दिसले. म्हणजे ‘धूम्रपान फक्त नवरा करतो’ या म्हणण्याला पहिल्या दिवसापासूनच अर्थ नसतो.

प्लॅस्टिकमधील बिस्फेनॉल-एची गोष्ट याच काळातली आहे. १९९८ साली अमेरिकेत पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेत कोणतेही औषध न दिलेल्या उंदरांच्या बीजांडांमध्ये गुणसूत्रांची मांडणी विस्कटल्याचे प्रमाण एक-दोन टक्क्यांवरून एकाएकी चाळीस टक्क्यांवर गेले. शोध घेतल्यावर कारण सापडले ते असे की पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या चुकीच्या, तीव्र साबणाने धुतल्या गेल्या होत्या, त्यांचे पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिक झिजले होते आणि त्यातून बिस्फेनॉल-ए पाझरत होते. तेच मुद्दाम घडवून आणल्यावर तोच परिणाम मिळाला आणि २००३ साली ते प्रसिद्ध झाले. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये या रसायनाची दैनंदिन सुरक्षित मर्यादा आधीच्या तुलनेत वीस हजार पटींनी कमी केली. प्लॅस्टिक मऊ करणाऱ्या थॅलेट संयुगांबाबत बोस्टनमधील आयव्हीएफ रुग्णांच्या दीर्घ अभ्यासात, लघवीत डीईएचपी या थॅलेटची विघटनद्रव्ये जास्त असलेल्या स्त्रियांमध्ये बीजांडे कमी मिळाली आणि जिवंत बाळ होण्याचे प्रमाणही कमी आढळले. असे अभ्यास संबंध दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत; तरीही गरम अन्न प्लॅस्टिकच्या डब्यात न ठेवणे इतके सोपे आहे की पुराव्याच्या पूर्णतेची वाट पाहण्याची गरज नाही. ही दोन्ही रसायने शरीरातून एक-दोन दिवसांत निघून जातात, त्यामुळे सवय बदलली की पातळी लगेच उतरते.

आता तुमच्या आजच्या दिवसाकडे येतो. भ्रूण अठ्ठावीस दिवसांचे आहे, म्हणजे हृदय धडधडू लागले आहे, मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यापासून घडतात ती नलिका याच सुमारास बंद होत आहे, हातापायांचे कोंब नुकते दिसू लागले आहेत. थॅलिडोमाइड या औषधाच्या बाबतीत विकृती घडण्याचा काळ फलनानंतर साधारण २० ते ३६ दिवसांचा होता. १९५७ साली पश्चिम जर्मनीत विक्रीला आलेले ते औषध १९६१ च्या अखेरीस मागे घेतले जाईपर्यंत जगभरात दहा हजारांहून अधिक बाळे हातापायांच्या आणि इतर विकृतींसह जन्मली. उंदरांवर ते जवळपास निरुपद्रवी दिसले होते, हेही विसरू नये. तेव्हा गेलेल्या आठवड्यांचा विचार करत बसण्यापेक्षा येत्या चार आठवड्यांत काय संपर्कात येते याकडे लक्ष देणे कितीतरी अधिक उपयोगाचे आहे. फोलिक ॲसिड सुरू नसेल तर डॉक्टरांना विचारून आजच सुरू करा. त्याचा खरा उपयोग गर्भधारणेआधी एक महिन्यापासून असतो, पण आता ते टाळण्याचे काही कारण नाही.

नव्या रंगाच्या वासाबाबत एक उपयुक्त निकष आहे. टोरोंटोमधील १९९९ च्या एका अभ्यासात कामाच्या ठिकाणी सेंद्रिय द्रावणांशी गरोदरपणी संपर्क आलेल्या १२५ स्त्रियांपैकी १३ जणींच्या बाळांत मोठ्या विकृती आढळल्या, तर तुलनेसाठी घेतलेल्या गटात एकीच्या. त्या तेरांपैकी बाराजणींना काम करताना डोके दुखणे, डोळे चुरचुरणे, श्वासाला त्रास होणे अशी लक्षणे जाणवली होती. त्यांचा संपर्क रोजचा, अवयव घडण्याच्या काळातला होता. तुम्ही त्या खोलीत झोपत होता का, खिडक्या उघड्या होत्या का, गरगरल्यासारखे किंवा मळमळल्यासारखे झाले होते का, हे आठवून पाहा. तसे झाले नसेल तर अवयव घडू लागण्यापूर्वी संपलेल्या त्या संपर्काची चिंता करू नका. झाले असेल तरीही तारखा तुमच्या बाजूने आहेत, फक्त डॉक्टरांना ते सांगून ठेवा. फवारणीच्या औषधाचे नाव फवारणी करणाऱ्याकडून लिहून घ्या. ते पायरेथ्रॉइड असेल तर विषय तिथेच संपतो, ऑर्गॅनोफॉस्फेट या दुसऱ्या गटातील कीटकनाशक असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला आणि भांडी, ओटा, फरशी ओल्या फडक्याने पुन्हा पुसून घ्या.

शिशाबाबत मात्र मी आग्रह धरतो. जुन्या घरांतील तैलरंगांत शिसे सर्रास असे, आणि असा रंग खरवडला की त्याची बारीक धूळ खिडकीच्या चौकटीत, गादीत, पडद्यांत आठवडेच्या आठवडे राहते. तिला वास नसतो, त्यामुळे तिची भीतीही वाटत नाही. शिवाय शिसे वितळवणाऱ्या कामगाराच्या केसांतून, कपड्यांतून आणि चपलांतून ते रोज घरी येते. गर्भधारणेत आईच्या हाडांतून कॅल्शियम सुटते तेव्हा जुने शिसेही सुटते आणि ते वारेतून बिनदिक्कत पलीकडे जाते. मेक्सिको सिटीतील १९९९ च्या एका अभ्यासात रक्तातील शिसे डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅमने वाढले की गर्भपाताची शक्यता १.८ पट होत असल्याचे आढळले. पुढे मेंदूच्या वाढीवर होणारा परिणाम तर सर्वमान्य आहे, आणि शिशाची सुरक्षित म्हणता येईल अशी पातळी ठाऊक नाही.

म्हणून तुम्ही दोघांनीही या आठवड्यात रक्तातील शिशाची तपासणी करून घ्या. नमुना बोटाला टोचून घेण्यापेक्षा शिरेतून घेतलेला बरा, कारण बोटावरच्या धुळीने आकडा फसवा येऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पातळी डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक असेल तर शिशाचा स्रोत शोधून तो बंद करावा, आणि गरोदर स्त्रीच्या आहारात कॅल्शियम कमी पडत असेल तर ते पूरक स्वरूपात द्यावे. लोहाची कमतरता असेल तर तीही भरून काढावी, कारण लोह कमी असले की आतडे शिसे अधिक शोषते. शिसे बाहेर काढणारी औषधे ४५ च्या पुढे विचारात घेतली जातात आणि तो निर्णय तज्ज्ञानेच घ्यायचा असतो; कोणतीही ‘विषद्रव्ये बाहेर काढणारी’ पावडर किंवा काढा आपल्या मनाने घेऊ नका, कारण अशा काही मिश्रणांत शिसे आणि पाराच सापडले आहेत.

निकाल येईपर्यंत थांबू नका. घरातली धूळ कोरड्या झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी आणि ते फडके टाकून द्यावे. हे काम पत्नीने करू नये, पतीनेही कारखान्यातून येऊन त्याच कपड्यांत करू नये. कामाचे कपडे आणि बूट कारखान्यातच ठेवावेत, निघण्यापूर्वी आंघोळ करावी, आणि तशी सोय नसेल तर घराच्या दाराबाहेर कपडे बदलून ते वेगळे धुवावेत. खरवडायच्या राहिलेल्या खिडक्या असतील तर त्यांना सध्या हात लावू नये. पतीची पातळी ४० च्या वर असेल तर शुक्राणूंच्या संख्येवरही परिणाम होतो, त्यामुळे पुढच्या अपत्याचा विचार करताना त्यांनी आधी कामाची जागा बदलून घ्यावी आणि पातळी उतरल्यानंतर किमान तीन महिने जाऊ द्यावेत. तुमची पहिली तपासणी ५ च्या खाली आली तरी पती त्याच कामावर असतील तोवर दर तीन महिन्यांनी ती पुन्हा करा, आणि अकराव्या ते चौदाव्या व अठराव्या ते बाविसाव्या आठवड्यांतील दोन्ही सोनोग्राफी चुकवू नका.